आरडीरँड, कॅरी फ्लॅग आणि सगळे बिट १

२०१९ च्या सुरुवातीला सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा मूळ प्रोग्राम) या प्रकल्पाकडे एक चमत्कारिक तक्रार आली. एएमडीचे काही जुने प्रोसेसर असलेले लॅपटॉप एकदा सस्पेंड करून उठवले की वरवर सगळं ठीक चालायचं, पण दुसऱ्यांदा सस्पेंड करायला गेलं की नकार मिळायचा. रीबूट केलं की पुन्हा एकदाच सस्पेंड होणार, पुढच्या वेळी तोच प्रकार. अशी तक्रार वाचली की संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो, एसीपीआयवर (वीज आणि झोप सांभाळणारी व्यवस्था) जातो, फार तर यूएसबीवर जातो. इथे दोषी निघाली ती यादृच्छिक संख्या देणारी, प्रोसेसरमधली एक इन्स्ट्रक्शन.

ती इन्स्ट्रक्शन म्हणजे आरडीरँड. इंटेलने ती २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज प्रोसेसरपासून दिली, पुढे एएमडीनेही घेतली. तिचा करार अगदी छोटा आहे. इन्स्ट्रक्शन चालवली की एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत, संख्या येते आणि कॅरी फ्लॅग नावाचा एक बिट सांगतो की ती वापरण्याजोगी आहे की नाही. फ्लॅग १ असेल तर संख्या घ्या. ० असेल तर प्रोसेसरकडे या क्षणी द्यायला काही नाही, पुन्हा मागा. इंटेलचा सल्ला दहा वेळा मागून पाहण्याचा, आणि लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, लूपही दहाचाच. दहा वेळा नकार आला तर दुसरी वाट धरायची. थोडक्यात, अपयश येणार हे करारात आधीच धरलेलं आहे आणि ते कसं कळवायचं हेही ठरलेलं आहे.

रिझ्यूमनंतर, म्हणजे झोपेतून उठल्यावर, हे प्रोसेसर जे करत होते ते या करारात कुठेच बसत नव्हतं. कॅरी फ्लॅग १, म्हणजे सगळं उत्तम. आणि रजिस्टरमध्ये दर वेळी एकच उत्तर: चौसष्टच्या चौसष्ट बिट १. चिन्हासहित वाचलं तर उणे एक.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे उत्तर ओळखीचं असतं. पीसीआय बसवर, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या मार्गावर, जे उपकरण जागेवर नाही, निघून गेलं किंवा मेलं, त्याचं रजिस्टर वाचलं की सगळे बिट १ येतात. म्हणूनच कर्नलमध्ये ५.१७ आवृत्तीपासून या उत्तरासाठी वेगळे मॅक्रो आहेत, आणि तिथेही हे उत्तर 'चूक असू शकते' एवढंच म्हटलं जातं. कारण एखाद्या रजिस्टरमध्ये खरोखरच सगळे बिट १ असू शकतात. खात्री करायची तर दुसरं रजिस्टर वाचा, उदाहरणार्थ व्हेंडर आयडी, जो कधीच सगळा १ नसतो. आरडीरँडच्या बाबतीत असं दुसरं रजिस्टर नाही. त्याहून अडचणीचं म्हणजे इथे कोणतंच मूल्य बेकायदा नाही. तापमानाच्या सेन्सरने ६५,५३५ अंश सांगितलं तर ते फेकून देता येतं. यादृच्छिक संख्येने उणे एक का असू नये?

लॅपटॉप झोपायला का नाही म्हणाला

आधी सिस्टिमडीत काय घडलं ते. सिस्टिमडी एखादं युनिट, म्हणजे सेवा किंवा काम, सुरू करतं तेव्हा त्या प्रत्येक खेपेला १२८ बिटांचा एक ओळखक्रमांक देतं. हा क्रमांक एकमेव असावा एवढीच अपेक्षा; गुपित असण्याची गरज नाही. म्हणून नव्या आवृत्त्यांमध्ये तो कर्नलकडून न घेता थेट आरडीरँडकडून घेतला जात होता. कारण बूटच्या सुरुवातीला कर्नलचा एन्ट्रॉपी पूल, म्हणजे अंदाज न येणाऱ्या घटनांतून जमवलेला यादृच्छिकतेचा साठा, भरलेला नसतो, आणि किरकोळ क्रमांकांसाठी त्याची वाट बघायची नाही किंवा त्याला रिकामाही करायचं नाही. विचार चुकीचा नव्हता.

रिझ्यूमनंतर मात्र प्रत्येक क्रमांक एकच येऊ लागला. यूयूआयडी या ओळखक्रमांकांच्या चौथ्या प्रकाराच्या नियमानुसार सहा बिट ठरलेले असतात, त्यामुळे तो दिसायचा असा: तिसऱ्या गटाचा पहिला अंक ४, चौथ्या गटाचा पहिला अंक बी, आणि बाकी झाडून सगळे एफ. पहिल्या युनिटला हा क्रमांक मिळाला, तोवर चाललं. दुसऱ्या युनिटला तोच मिळाला तेव्हा अंतर्गत तक्त्यात एका क्रमांकाच्या दोन नोंदी करता येईनात आणि युनिट सुरूच झालं नाही. सस्पेंड हेही सिस्टिमडीच्या दृष्टीने एक युनिटच. सस्पेंड होत नव्हतं ते म्हणून.

मे २०१९ मध्ये सिस्टिमडीने आपल्या बाजूने उपाय केला. आरडीरँडने सगळे बिट १ किंवा सगळे बिट ० दिले तर ते उत्तर मोजायचंच नाही, दुसऱ्या वाटेने संख्या मिळवायची. त्या ठिकाणच्या टिपणीत त्यांनी हेही लिहून ठेवलं की ही मलमपट्टी आहे, खरा दोष एएमडीने दुरुस्त करावा आणि कर्नलने अशा प्रोसेसरवर ही इन्स्ट्रक्शन सरळ बंद करावी.

मूल्य गाळणं हा उपाय किती बरोबर? चौसष्ट बिटांसाठी हिशेब मांडून पाहा. सेकंदाला शंभर कोटी संख्या काढल्या तरी खरा, प्रामाणिक उणे एक सरासरी ५८४ वर्षांत एकदा येईल. तो फेकल्याने वितरणात पडणारा फरक कोणाला मोजताही येणार नाही. बत्तीस बिटांसाठी तेच मूल्य साधारण चार सेकंदांतून एकदा येईल, आणि सोळा बिटांसाठी दर ६५,५३६ संख्यांमागे एक. तिथे दोन मूल्यं कायमची गाळणं म्हणजे आपण स्वतःच संख्या कलती करणं. रुंदी बघितल्याशिवाय हा उपाय उचलून दुसरीकडे चिकटवू नये. हा मुद्दा सहा वर्षांनी पुन्हा समोर येणार होता.

कर्नलला हे आधी का दिसलं नाही

याच प्रकारच्या तक्रारीची नोंद कर्नलच्या बगझिला या दोषनोंदवहीमध्ये २०१४ पासून होती. पाच वर्षं ती तशीच राहिली, कारण तिने कोणाचं फारसं अडत नव्हतं.

कर्नल प्रत्येक प्रोसेसर सुरू करताना आरडीरँडची चाचणी घ्यायचा, ती पुढीलप्रमाणे: इन्स्ट्रक्शन आठ वेळा चालवा, आठही वेळा कॅरी फ्लॅग १ आला तर पास, नाहीतर ही सोय नाही असं समजा. आलेली संख्या चाचणीत बघितलीच जात नव्हती. आठ वेळा 'झालं' ऐकलं की पुरे. ज्या प्रोसेसरची तक्रारच 'झालं' म्हणून काहीच न करण्याची आहे, तो या चाचणीत दर वेळी उत्तीर्ण होणार. शिवाय बूटच्या वेळी हे लॅपटॉप खरोखरच नीट होते. बिघाड नंतर, झोपेतून उठताना व्हायचा. मुख्य प्रोसेसर कोअरची ओळखतपासणी रिझ्यूमनंतर पुन्हा होत नाही.

आणि तरीही कर्नलची यादृच्छिक संख्या बिघडली नाही. या सगळ्या प्रकरणातला माझ्या मते सर्वात शिकण्यासारखा भाग हाच आहे. कर्नल आरडीरँडचं उत्तर तसंच्या तसं पुढे देत नव्हता. डिस्क, कीबोर्ड, इंटरप्टच्या वेळा यांतून जमलेल्या स्थितीत तो ते एक्सऑरने (दोन संख्यांचे बिट जोडीजोडीने ताडून मिसळण्याची क्रिया) मिसळत होता. माहीत असलेली, न बदलणारी संख्या एखाद्या अज्ञात संख्येत एक्सऑर केली तर अज्ञात संख्या अज्ञातच राहते. फायदा शून्य, तोटाही शून्य. २०१३ मध्ये इंटरनेटवर मोठी ओरड झाली होती की आरडीरँड कर्नलमधून काढून टाका, त्यात मागचं दार असेल. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचं उत्तर हेच होतं, की ही अनेक स्रोतांपैकी एक आहे, एकटीवर काही उभं नाही. वाद गुप्तहेरांच्या संशयावरून झाला होता. ती रचना कामी आली ती मात्र बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, निष्काळजीपणाविरुद्ध.

पण कर्नलमध्ये एक पळवाट शिल्लक होती, आणि तिथून पाणी शिरलं.

जुलै २०१९

७ जुलै २०१९ रोजी एएमडीच्या प्रोसेसरची रायझन ३००० मालिका बाजारात आली. वेग उत्तम, समीक्षक खूश. पण त्याच आठवड्यात दोन तक्रारी एकदम वर आल्या: डेस्टिनी २ हा खेळ सुरूच होत नाही, आणि उबुंटू १९.०४ सारखी नवी लिनक्स वितरणं बूट होत नाहीत. १८.०४ मात्र व्यवस्थित बूट होतं, कारण त्यातली सिस्टिमडी जुनी, क्रमांकांसाठी आरडीरँडकडे न जाणारी. या प्रोसेसरवर सस्पेंड-रिझ्यूमचाही प्रश्न नव्हता. संगणक सुरू झाल्याच्या पहिल्या क्षणापासून आरडीरँड 'झालं' म्हणत होती आणि सगळे बिट १ देत होती. एएमडीने कारण शोधलं, दुरुस्ती बायोसमधून द्यायची ठरली, आणि ती मदरबोर्ड बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीमार्फत ज्याच्या-त्याच्या सवडीने ग्राहकांपर्यंत पोहोचली. म्हणजे काहींना दिवसांत मिळाली, काहींना महिन्यांत.

याच काळात वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर वापरणाऱ्या काही यंत्रांवर वेगळंच लक्षण दिसलं: व्हीपीएन जोडणी उभी राहताना कर्नलचा तो भाग अडकून बसायचा. वायरगार्ड कर्नलच्या आत चालतं. प्रत्येक सत्राला ते बत्तीस बिटांचा एक यादृच्छिक निर्देशांक देतं. पद्धत सरळ आहे: संख्या काढा, तक्त्यात ती आधीच कोणाची असेल तर दुसरी काढा, मोकळी मिळेपर्यंत काढत राहा. चारशे कोटींहून जास्त जागांत टक्कर क्वचितच होणार, झालीच तर दुसऱ्या फेरीत सुटणार. पहिल्या सत्राला सगळे बिट १ असलेला निर्देशांक मिळाला. दुसऱ्या सत्राने मागितला, तोच आला. आहे म्हणून पुन्हा मागितला, पुन्हा तोच. लूप कधी संपणारच नाही. लूप लिहिणाऱ्याने यादृच्छिक संख्या देणाऱ्या कर्नलच्या अधिकृत फंक्शनवर भिस्त ठेवली होती. त्याचं काय चुकलं?

काही नाही. चूक त्या फंक्शनमध्ये होती. कर्नलमध्ये बत्तीस आणि चौसष्ट बिटांची एकेक संख्या पटकन देणारी दोन फंक्शन्स आहेत. त्या काळी ती आधी बघायची की प्रोसेसरकडे आरडीरँड आहे का. असेल तर तिचं उत्तर तसंच, काहीही न मिसळता, मागणाऱ्याच्या हातात. वरच्या टिपणीत हे प्रामाणिकपणे लिहिलेलंही होतं, की या संख्येचा दर्जा आरडीरँडइतकाच किंवा पूलइतकाच. घाई असलेल्यांसाठी काढलेली ही आडवाट. मुख्य रस्त्यावर एवढा बंदोबस्त, आणि शेजारून बिनपहाऱ्याची गल्ली.

फेब्रुवारी २०२० मध्ये वायरगार्डचे कर्ते जेसन डोनेनफेल्ड यांच्या पॅचने, म्हणजे कोडमधल्या दुरुस्तीने, ती गल्ली बंद केली. आता ही दोन्ही फंक्शन्स नेहमी कर्नलच्या स्वतःच्या यादृच्छिक संख्यांच्या जनित्रातून, आधीच काढून ठेवलेल्या साठ्यातून संख्या देतात. पॅचसोबत ठळकपणे दिलेलं कारण वेगाचं होतं: आरडीरँड बऱ्यापैकी मंद निघाली. आडवाट काढली होती वेगासाठी आणि ती मुख्य रस्त्यापेक्षा हळू होती, हे मोजेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तीन पॅच, तीन स्वभाव

मधल्या काळात कर्नलने मूळ दोषावर काय केलं ते तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण एकाच दोषाकडे तीन वेगळ्या नजरांनी बघितलं गेलं.

पहिला पॅच ऑगस्ट २०१९ चा, एएमडीतल्याच टॉम लेंडाकी यांचा. निदान स्पष्ट होतं: फॅमिली १५एच आणि १६एच या प्रोसेसर-पिढ्यांमधल्या काही यंत्रांत बायोस रिझ्यूमच्या वेळी आवश्यक पावलं उचलत नाही, म्हणून आरडीरँड बिघडते. उपाय: या दोन्ही फॅमिलींच्या प्रत्येक प्रोसेसरवर आरडीरँड लपवायची. लपवायची म्हणजे नुसतं कर्नलने वापरणं थांबवायचं नाही. प्रोग्राम ही सोय आहे का ते सीपीयूआयडी नावाच्या इन्स्ट्रक्शनला विचारतात. पहिल्या पानावरच्या ईसीएक्स रजिस्टरचा ३०वा बिट म्हणजे आरडीरँड. हा बिट कर्नलच्या परवानगीशिवाय कोणालाही वाचता येतो, त्यामुळे कर्नलने आपल्यापुरतं 'नाही' म्हटलं तरी सिस्टिमडी, ओपनएसएसएल, खेळ, सगळे थेट प्रोसेसरलाच विचारत राहणार. एएमडीने मात्र एका एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या मांडणीचं रजिस्टर), सी००१_१००४ मध्ये, ही जाहिरात बदलण्याची सोय ठेवली आहे. त्याचा ६२वा बिट पुसला की सीपीयूआयडी सर्वांनाच 'आरडीरँड नाही' असं सांगू लागते.

या पॅचमध्ये अनुभवी हात दिसतो तो दोन ठिकाणी. बिट पुसल्यानंतर कोड तिथेच थांबत नाही. तो सीपीयूआयडीला परत विचारतो की खरंच बदल झाला का. कारण कर्नल एखाद्या हायपरव्हायझरच्या, म्हणजे आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आत चालत असेल तर एमएसआरवर लिहिलेलं मुकाट्याने गिळलं जाऊ शकतं. तसं झालं असेल तर लॉगमध्ये लिहितो की लपवता आलं नाही, आणि लपवल्याचं नाटक करत नाही. हार्डवेअरवर लिहिलेलं वाचून बघणं ही सवय वाचलेल्यावर संशय घेण्याइतकीच महत्त्वाची, पण ती कमी लोकांना असते. दुसरं ठिकाण: हा एमएसआर सस्पेंडपूर्वी जपून ठेवून रिझ्यूमनंतर पुन्हा भरला जातो. नाहीतर ज्या बायोसने आरडीरँड बिघडवली तोच बायोस तिची जाहिरातही पूर्ववत करून ठेवायचा.

या उपायात सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्या फॅमिलींमधली कितीतरी यंत्रं चांगल्या बायोसची होती, कित्येक तर कधी सस्पेंडच न होणारे सर्व्हर. त्यांच्यासाठी बूटच्या वेळी आरडीरँड पुन्हा चालू करण्याचा पर्याय दिला आहे. पण मुळात वाईट बायोसची यादी करून फक्त तेवढेच का वगळले नाहीत? कारण ती यादी कधीच पूर्ण होत नाही. आणि यादीत नसलेलं यंत्र सुरक्षित आहे असं मानणं ही चूक, आरडीरँड गमावण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. ही निवड मला पटते. संख्या मिळवायला इतर मार्ग असताना एक मंद इन्स्ट्रक्शन गेली तर फारसं काही जात नाही.

दुसरा पॅच बोरिस्लाव्ह पेटकोव्ह यांचा, ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वीकारलेला. बायोसने पुन्हा एकदा माती खाल्ली, अशा सुरात तो लिहिलेला आहे. आता चाचणीत फ्लॅगबरोबर संख्याही बघायची: आठ वेळा मागा आणि एकदाही बदल दिसला नाही तर कर्नलच्या लॉगमध्ये जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडा. इशाऱ्याचा मजकूर असा, की आरडीरँडच्या उत्तराला विचित्र वास येतोय, ती बंद करून बूट करण्याचा विचार करा. ओरडा, पण हात लावू नका.

इथे माझं मत वेगळं पडतं. लॉगमधला इशारा वाचणारा माणूस आणि त्या इशाऱ्याने वाचणारा माणूस सहसा एक नसतात. ज्याच्या लॅपटॉपवर हा दोष आहे तो लॉग उघडणार नाही; जो उघडेल त्याला आधीच माहीत असेल. शिवाय इशाऱ्यात सुचवलेल्या बूट-पर्यायाने फक्त कर्नलचा वापर थांबत होता, बाकीचे प्रोग्राम तसेच. हार्डवेअरचं उत्तर कामाचं नाही असं कर्नलला कळलं असेल आणि पर्याय हाताशी असेल, तर त्याने निर्णय घ्यावा.

२०२२ मध्ये डोनेनफेल्ड यांनी तसंच केलं. तो बूट-पर्याय काढून टाकला आणि चाचणी नव्याने लिहिली. आठ नमुने, त्यांच्यात सात तुलना. किमान पाच वेळा संख्या आधीच्यापेक्षा वेगळी हवी. नसेल तर कर्नलपुरती आरडीरँड बंद, आणि लॉगमध्ये एक ओळ, की या यंत्रावर ती भरवशाची नाही. निरोगी प्रोसेसरवर सातांपैकी तीन तुलना जुळून चुकीने बंद होण्याची शक्यता साधारण दोनच्या एकशे सत्त्याऐंशीव्या घाताच्या भाजकात जाते, तेव्हा खोट्या इशाऱ्याची चिंता नको.

ही चाचणी काय नाही तेही बघायला हवं. प्रोसेसरने १, २, ३, ४ असं मोजत उत्तर दिलं तरी ती पास करेल. दोन संख्या आलटून पालटून दिल्या तरी पास करेल. यादृच्छिकता तपासण्याचा तिचा दावाच नाही, आणि आठ नमुन्यांत तसा दावा करणं हास्यास्पद ठरलं असतं. पूर्वी प्रत्यक्ष घडलेला एक विशिष्ट बिघाड पुन्हा घडला तर पकडायचा, एवढंच तिचं काम.

जमा कशाची धरायची

मिसळल्याने नुकसान होत नाही असं वर म्हटलं, पण एक गोष्ट राहिली. पूलमध्ये संख्या मिसळणं वेगळं आणि तिच्यामुळे पूलमध्ये इतके बिट एन्ट्रॉपी आली अशी जमा धरणं वेगळं. पहिलं निर्धोक आहे, दुसरं नाही. २०१८ मध्ये ४.१९ आवृत्तीत एक पर्याय आला: प्रोसेसरवर भरवसा ठेवायचा असेल तर बूटच्या वेळी आरडीरँडने भरलेली स्थिती पुरेशी मानून जनित्र लगेच 'तयार' घोषित करा. गरज खरी होती. एन्ट्रॉपी जमेपर्यंत थांबणाऱ्या प्रोग्राममुळे यंत्रं बूटच्या मध्येच खोळंबत होती.

पण हा पर्याय चालू असलेला कर्नल जुलै २०१९ च्या रायझनवर बूट झाला असता तर? स्थितीत सगळे बिट १ मिसळले गेले असते, फ्लॅग १ होता म्हणून जमा पूर्ण धरली गेली असती, आणि लॉगमध्ये ओळ आली असती की प्रोसेसर बनवणाऱ्यावर विश्वास ठेवून जनित्र तयार झालं. पहिल्या काही क्षणांत काढलेल्या किल्ल्या जवळपास काहीच नसलेल्या एन्ट्रॉपीवर बनल्या असत्या, आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसलं असतं. लॅपटॉप झोपला नाही, खेळ सुरू झाला नाही, व्हीपीएन अडकलं, हे सगळे सुदैवी बिघाड होते, कारण ते दिसले.

२०१९ च्याच सप्टेंबरमध्ये ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममधल्या एका सुधारणेने बूटच्या वेळचे डिस्क-इंटरप्ट कमी झाले, एन्ट्रॉपी कमी पडली आणि काही यंत्रं बूटमध्ये अडकली. टॉरवाल्ड्स यांनी ५.४ मध्ये दुसरा स्रोत घातला: प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळमापनातल्या हेलकाव्यांतून एन्ट्रॉपी गोळा करणं. लेंडाकी यांची आरडीरँड लपवणारी दुरुस्ती त्याच्या जरा आधीची, ५.३ ची. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही, पण दुसरा स्रोत आल्यामुळे पहिली सोय काढून घेणं सुसह्य झालं.

झेन ५ वर पुन्हा

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेटातल्या ग्रेगरी प्राइस यांनी कर्नलकडे पॅच पाठवला. या वेळी आरडीसीड ही धाकटी बहीण, म्हणजे बियाण्यासाठी अधिक कच्ची एन्ट्रॉपी देणारी इन्स्ट्रक्शन, आणि प्रोसेसर एएमडीचे नवे झेन ५. कॅरी फ्लॅग १, मूल्य शून्य, आणि यशस्वी म्हटलेल्या उत्तरांपैकी दहा टक्क्यांहून जास्त वेळा. शून्य हे एरवी फ्लॅग ० असताना, म्हणजे अपयशात येणारं मूल्य. म्हणजे अपयश येत होतं, फक्त फ्लॅग खोटा होता. हे घडवायला प्रत्येक कोअरवर दोन थ्रेड लागले: एक आरडीसीडचा मारा करणारा, दुसरा मेमरीचा नव्वद टक्के भाग खाऊन त्यावर घाव घालणारा.

२०२२ ची चाचणी इथे का उपयोगी पडली नाही हे आता उघड आहे. एक तर ती आरडीरँडला प्रश्न विचारते, बिघाड आरडीसीडचा. दुसरं, ती बूटच्या वेळी, यंत्र निवांत असताना होते, आणि बिघाडाला भार लागतो. तिसरं, दहात एक शून्य मधेच आलं तरी शेजारच्या दोन संख्या वेगळ्याच दिसणार. आठ नमुन्यांत तुलना करून हे सापडत नाही. कायमचा अडकलेला काटा ओळखणारी चाचणी मधूनमधून अडखळणारा काटा ओळखत नाही.

पुढे एएमडीने जाहीर केलं की दोष आरडीसीडच्या १६ आणि ३२ बिटी रूपांत आहे, ६४ बिटी रूप ठीक आहे. कर्नल ६४ बिटी यंत्रांवर स्वतः ६४ बिटी रूपच वापरतो, तेव्हा त्याला याची झळ नव्हती. तरी सीपीयूआयडीतून आरडीसीडचा बिट काढला गेला, कारण बाहेर कोण कोणत्या रुंदीने मागतो हे कर्नलला कळत नाही. एएमडीने सुचवलेल्या पर्यायांत शून्य आलं तर अपयश समजून पुन्हा मागा, असाही एक होता. सोळा बिटांसाठी तो घेतला तर खरं शून्य, जे ६५,५३६ मध्ये एकदा यायलाच हवं, कधीच येणार नाही. २०१९ मध्ये सिस्टिमडीच्या चौसष्ट बिटांना जे परवडलं ते इथे डोळे झाकून घेता येत नाही. ६४ बिटी रूप वापरा, हाच त्यातला स्वच्छ पर्याय.

आता कर्नल झेन ५ च्या प्रत्येक मॉडेलसाठी दुरुस्त मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या, बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किमान क्रमांक एका तक्त्यात बाळगतो. यंत्रावरचा क्रमांक त्याहून जुना असेल तर बिट पुसतो आणि लॉगमध्ये लिहितो की ३२ बिटी आरडीसीड मोडलेली आहे. बिट पुसल्याने इन्स्ट्रक्शन मात्र बंद पडत नाही. ती चालवली तर चालते, आणि तीच खोटी शून्यं देते. जो प्रोग्राम कंपाइल करतानाच झेन ५ गृहीत धरून बांधला आहे आणि सीपीयूआयडीला काही विचारतच नाही, त्याच्यापर्यंत कर्नलचा हात पोहोचत नाही. तिथे मायक्रोकोड बदलण्याखेरीज इलाज नाही.